वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने असे आहेत, जे मी बावीस वर्षांत कधी विचार करून भरले नाहीत. ‘अभ्यासातील प्रगती’ आणि ‘वर्तणूक’. पहिल्यात समाधानकारक, दुसऱ्यात चांगली. पूर्वी हाताने लिहायचो, आता संगणकात ते आधीपासूनच भरून ठेवलंय. हुशार असो, टवाळ असो, खिडकीच्या काचा फोडणारा असो, सगळे माझ्याकडून समाधानकारक आणि चांगले होऊनच बाहेर पडतात. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी जुळली का, आईचं नाव बरोबर आहे का, जातीच्या रकान्यात खाडाखोड नाही ना, लिपिकाचा जीव एवढ्यातच अडकलेला असतो. पुढेमागे जात पडताळणीला हाच कागद लागतो. वर्तणूक कोण वाचतं?

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराच्या कडेला. आठवी ते दहावी. गोष्ट २०२५च्या मे महिन्यातली. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे गुणपत्रकं शाळेत आली त्या दिवशी खिडकीपुढे जत्रा. प्रत्येकाला आज, आत्ता दाखला पाहिजे. प्रिंटर दर दहा दाखल्यांमागे एक कागद गिळत होता. शिपाई मामा दोनदा पाणी पाजून गेले आणि तिसऱ्यांदा ओरडून गेले, “रांग लावा रे!” रांग काही लागली नाही.

साडेबाराच्या सुमाराला एक मुलगी आणि तिचा बाप पुढे आले. मुलीला ५००पैकी ३५७. मी दाखला छापला, सही-शिक्का घेऊन आलो, आणि वितरणाचं रजिस्टर पालकाच्या सहीसाठी पुढे सरकवलं. बापाचे हात पाहिले. ऊस तोडणाऱ्याचे हात ओळखू येतात. पाचटाने कापलेल्या बारीक रेघा असतात, त्यांत काळं बसलेलं असतं, धुऊन जात नाही. सवयीने शाईचा पॅडही सरकवला, झाकण उघडून.

त्याने झाकण लावलं. माझ्याकडे न बघताच. म्हणाला, “म्या सही करतो, सर.”

आणि करायला लागला. त्याचं नाव इथे सांगत नाही, पण पहिलं अक्षर ज्ञ आहे. मुळाक्षरांत सगळ्यात शेवटी येणारं अक्षर याच्या नावात सगळ्यात पुढे! पेन त्याने कोयत्याची मूठ धरावी तसं धरलं होतं. आधी डावीकडचा फुगा, मग मधली आडवी, मग एक थांबा, मग दांडी. मागे पोरं ढकलाढकली करत होती, त्याला पत्ता नव्हता. सगळी अक्षरं झाल्यावर डोक्यावरची रेघ एकदम ओढली, उजवीकडून डावीकडे, उलटी. रकान्याबाहेर गेली. मग जरा मागे सरून बघितलं.

मला ती सही कुठे तरी पाहिल्यासारखी वाटली. मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तेव्हा आठवलं.

नोव्हेंबर २०२३. दिवाळीची सुट्टी संपलेली. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ट्रॅक्टर नाहीतर ट्रक येतो, भांडी, शेळ्या, पोरं चढतात आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांवर जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल कोयत्यावर मिळते. लहान पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, पण ते आठवीपर्यंत. नववीची मुलगी सरकारच्या हिशेबात मोठी झालेली असते. नेमक्या ह्याच वयात आईला ती तिकडे कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, हवी असते, पाणी भरायला, भाकरी थापायला, धाकट्याला धरायला. (आणि शाळांनाही नववी म्हणजे चाळण वाटते. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्ची पोरं नववीतच गाळायची, नाहीतर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भर म्हणायचं. हे मी करणाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून बघितलंय.)

ज्यांचे आईबाप गेले त्यांनी ‘मूल अमुक नातेवाइकाकडे राहील’ असं पालकाचं पत्र कार्यालयात द्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. हिने दिलं होतं. आजीजवळ राहील, शाळा बुडणार नाही, खाली बापाची सही. झोकदार. ज्ञ तर असा की मलाही तसा येत नाही. फायलीला लावताना मागचा प्रवेश अर्ज दिसला, आठवीचा, २०२२चा. त्यावर पालकाचा अंगठा.

मधल्या सुट्टीत बोलावलं होतं तिला.

“वडील सही करतात?”

“हो.”

“कधीपासून?”

“मी शिकवली.”

डोळ्याला डोळा देऊन, पापणी न लववता. मला कळलं की खोटं आहे. हेडसरांकडे न्यायला पाहिजे होतं. नाही नेलं, आणि ते दयेपोटी केलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या आठवड्यात शिष्यवृत्तीचे अर्ज साइटवर चढत नव्हते, आणि हे प्रकरण काढलं तर पंचनामा, फोन, लेखी खुलासे. मला कंटाळा आला होता. नुसती भीती घालावी म्हणून म्हणालो, “बरं. हंगाम संपला की त्यांना घेऊन ये. अर्जावर अंगठा आहे, तिथे माझ्यासमोर सही करावी लागेल.” असा काही नियम नाही. वाक्य तोंडातून निघालं आणि मी विसरलो.

ती विसरली नव्हती. खिडकीतली गर्दी जेवायला पांगली, तेव्हा मी दोघांना आत बोलावून बाकावर बसवलं. बाप तंबाखू चोळत बाहेर गेला, आणि मी न विचारता तिने सांगायला सुरुवात केली.

“तेव्हा खोटीच होती, सर.”

आईने सांगून ठेवलं होतं, आठ दिवसांनी चुलत्याची टोळी जाईल तिच्यासोबत ये. ही गेली नाही. चुलत्याला म्हणाली शाळेने सोडलं नाही, शाळेला म्हणाली बापाने ठेवलंय. दोन्हीकडे खोटं, आणि मध्ये आजी, तिला ऐकूच येत नाही. बापाने फोनवर शिव्या दिल्या. आई महिनाभर बोललीच नाही. जानेवारीत कळलं की तिकडे धाकट्याच्या पायाला कोयता लागला. फडाच्या कडेला निजवलेला, उठून चालत आला, कुणाच्या लक्षात आलं नाही. आठ टाके.

“मी असते तर लागला नसता,” ती म्हणाली. रडली वगैरे नाही. बेरीज सांगावी तसं सांगितलं. यावर काय बोलायचं मला सुचलं नाही, मी पंखा वाढवला.

एप्रिलमध्ये आईबाप परत आले. तिच्या डोक्यात माझं वाक्य. शाळेने बोलावलं आणि बापाने अंगठ्यासाठी हात पुढे केला तर? मग दाराच्या मागे भिंतीवर कोळशाने बापाचं नाव लिहून दिलं. उन्हाळाभर तो गिरवत होता, आधी बोटाने, मग खडूने. ज्ञला पंधरा दिवस गेले. हे कशासाठी, असं त्याने विचारलं तेव्हा तिने पहिल्यांदा खरं सांगितलं. म्हणाली, मार बसेल वाटलं होतं. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसला.

दहावीच्या हंगामाला आई मागे राहिली. अर्धाच कोयता गेला, म्हणजे उचलही अर्धी. घरात ते कसं ठरलं, कुणी कुणाला काय ऐकवलं, ते तिने सांगितलं नाही.

इतका वेळ दाखला तिच्या मांडीवर होता. इतक्या वर्षांत दाखला पूर्ण वाचणारं पोर मी पाहिलं नव्हतं. टक्के बघतात, घडी घालतात, पळतात. ही बोट फिरवत खालपर्यंत आली होती, अगदी दाखल्यात अनधिकृत बदल केल्यास कायदेशीर कारवाई होईल त्या ओळीपर्यंत. बोट मागे नेऊन एका ठिकाणी ठेवलं.

“सर, हे असंच ठेवायचं का?”

“काय?”

“वर्तणूक चांगली.”

मी स्वतः दहावीला इंग्रजीत राहिलो होतो, ऑक्टोबरच्या परीक्षेत निघालो. माझ्या दाखल्यावरही प्रगती समाधानकारक आहे. त्या वर्षी मी घरी निकाल लागलाच नाही असं चार दिवस सांगत होतो. हे तिला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. “संगणकात तसंच आहे,” एवढं म्हणालो. ती जरा हसली. तिला पटलं नसावं.

बाप आत आला. हात झटकत म्हणाला, “झालं का? का अजून कुठं करायची सही?”

खरं तर झालं होतं. मी उठलो, मागच्या कपाटातून २०२२चा गठ्ठा काढला, दोरी सोडली. धूळ उडाली, तिला शिंक आली. प्रवेश अर्ज सापडायला पाच मिनिटं लागली. निळा अंगठा अजून ठसठशीत होता. त्याच्या शेजारी बोट ठेवून म्हणालो, “इथे.”

तिने माझ्याकडे बघितलं. बापाने पेन घेतलं, पुन्हा मुठीत. डावा फुगा, आडवी, थांबा, दांडी. खिडकीवर कुणीतरी टकटक करत होतं, “सर, झेरॉक्सवर शिक्का पाहिजे.”

“थांब रे,” मी म्हणालो. वरची रेघ अजून व्हायची होती.