बाविसाव्याआधी एकवीस वचनं आहेत

घरात कुणी गेलं की भेटायला येणारी मंडळी बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली 22 आणि 23 ही दोन वचनं हमखास वाचतात: परमेश्वराच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते. वचनं खरीच आहेत. पण तेवढीच उचलली की शोक करणाऱ्याला वाटतं, आपल्याला गप्प बसवलं जातंय.

अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा. देव अस्वलासारखा दबा धरून बसलाय, त्याने खडे चावायला लावून माझे दात पाडले, मी ओरडलो तरी तो ऐकत नाही, असा थेट आरोप तिथे आहे. मूळ हिब्रूत हा अध्याय अक्षरक्रमाने रचलाय: 22 अक्षरं, प्रत्येकाची तीन वचनं, एकूण 66. करुणेची वचनं आठव्या अक्षराला येतात आणि 44 व्या वचनात पुन्हा तक्रार: प्रार्थना पोहोचू नये म्हणून तू स्वतःला ढगांनी झाकून घेतलंस. काल धीर वाटला आणि आज पुन्हा कोसळलो, म्हणजे विश्वास कमी पडला असं नव्हे.

रोजच्या प्रार्थनेला बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा ‘कुठवर’ येतं. मोठ्याने वाचा, प्रत्येक ‘कुठवर’ला थांबा आणि स्वतःचं वाक्य घाला, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन. ‘कुठवर मी दोन कप चहा टाकत राहू?’ हेसुद्धा चालतं. बरेच जण पहिल्याच दिवशी सहाव्या वचनातल्या स्तुतीवर उडी मारतात. ती तोंडातून निघत नाही, मग वर अपराधीपणा. काही दिवस दुसऱ्या वचनावरच थांबलं तरी बिघडत नाही. पाचवं-सहावं तोवर दुसऱ्या कुणीतरी तुमच्यासाठी वाचावं. तेही ऐकवत नसेल तर स्तोत्र 88 आहे. त्याचा शेवट अंधारात होतो, पण सुरुवातीची हाक ‘माझ्या उद्धारक देवा’ अशीच आहे.

भेटायला जाणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय नीट पाहावा. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर गेलाय. ‘प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता’ हे वाक्य येशूला मार्थाही म्हणते (वचन 21) आणि मरीयाही (वचन 32). मार्थाशी येशू पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीया पायाशी पडून रडते, तेव्हा तो काही समजावत बसत नाही. ‘त्याला कुठे ठेवलंय?’ एवढंच विचारतो आणि रडतो. लाजराला थोड्याच वेळात उठवणार असूनही.

लूकच्या शुभवर्तमानात (7:13) एकुलता मुलगा गेलेल्या नाईन गावच्या विधवेचा प्रभूला कळवळा येतो. तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय. आपण आतडं तुटलं म्हणतो, तेच. ती बाई काही मागत नाही, विश्वासाचं एक वाक्यही बोलत नाही; ती नुसती अंत्ययात्रेत चाललेली असते, आणि तोच पुढे होऊन तिरडीला हात लावतो.