तालमीसाठी पाच खेपा

आमच्या गल्लीतील सहा यंत्रमाग कामगारांच्या शाहिरी मंडळाला मी दोन वर्षांपासून पेटीवर साथ करतो आणि जमेल तसे शिकवतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांच्यावर मंडळाने स्वतः रचलेला पोवाडा यंदा त्याच दिवशी सादर करायचा होता. चाल, पाठांतर आणि झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे साथ गाणाऱ्यांनी, ‘जी जी’ एकदम उचलणे ही कामे दोन महिन्यांत उरकली. मात्र मागांच्या खडखडाटात दिवसभर बोलणारी ही माणसे माइकसमोरही ओरडत आणि ओळीचा शेवटचा शब्द गिळून टाकीत. ही खोड ओसरीवर बसून जात नाही. तिला खऱ्या माइकवर एक तरी रंगीत तालीम लागते.

त्यासाठी एका सभागृहाच्या कार्यालयात दोन तासांची वेळ मागितली. अर्जातला ‘तालीम’ हा शब्द वाचून खिडकीमागच्या गृहस्थांनी “कुस्त्या इथे होत नाहीत,” असे सांगितले, आणि ते थट्टा करीत नाहीत हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. दुसऱ्या खेपेस ‘रंगीत तालीम’ असे लिहिले, तर छापील अर्जात तसा रकानाच नसल्यामुळे ती ‘इतर’मध्ये गेली आणि ‘इतर’ला पूर्ण दिवसाचे भाडे पडते असे समजले. तिसऱ्या खेपेस मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र मागण्यात आले. गल्लीतल्या सहा जणांची नोंदणी कोण कशाला करील! चौथ्या खेपेस साहेब रजेवर होते. दर खेपेस माझ्यासोबत येणाऱ्या अण्णांची, म्हणजे आमच्या मुख्य गायकांची, अर्ध्या पाळीची मजुरी बुडत होती, याचा राग मला अजून आहे. पाचव्या खेपेस मी कार्यक्रमाच्याच दिवशी सकाळी नऊ ते अकरा ‘ध्वनियंत्रणा तपासणी’ अशी वेळ मागितली, आणि अर्ज अर्ध्या तासात मंजूर झाला. अर्जात ‘तालीम’ हा शब्द मुळीच लिहू नये, हे मी पहिल्याच दिवशी ओळखायला हवे होते.

त्या दोन तासांत सहा महिन्यांचे काम झाले. अण्णा माइक जाळीपाशी मुठीत धरत, म्हणून तो शिट्टी मारत होता. दांड्याला धरून तोंडापासून चार बोटांवर आणि चढ्या सुरात वीतभर लांब न्यायला शिकवताच आवाज मोकळा झाला. मग मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा अण्णाच म्हणाले, “गुरुजी, शेवटचा शब्द कुठं गेला?” मी तेच दोन वर्षे सांगत होतो.

डफाचे सांगायचे राहिले. गारव्याने त्याचे चामडे सैल पडून आवाज उतरतो आणि सभागृहात विस्तव चालत नाही, त्यामुळे पोवाड्याच्या आधी तो बाहेरच्या चहाच्या टपरीवर तापवून आणावा. टपरीवाल्याने आमच्याकडे अर्ज मागितला नाही.