पाचगणीतली पाच गावं शोधताना

वाईहून निघालेली एसटी पसरणी घाट चढून वर आली की आधी दांडेघर लागतं. नाक्यावर गाड्यांची रांग दिसली की लोक "आली पाचगणी" म्हणत बॅगा काढायला लागतात. मी तिथेच उतरायला उठले, तर कंडक्टर म्हणाले, "ताई, स्टँड पुढं आहे."

"मला दांडेघरलाच उतरायचंय."

शाळेच्या सहलीपासून आजवर चार-पाच वेळा तरी पाचगणीला आले असेन. टेबललँड, पारशी पॉइंट, सिडनी पॉइंट, स्ट्रॉबेरी क्रीम, की परत. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली म्हणून पाचगणी, हे लहानपणापासून पाठ होतं. पण त्यातल्या एकाही गावात पाऊल टाकलं नव्हतं. ही बोच बरीच वर्षं मनात होती. म्हणून यंदा फेब्रुवारीत दोन दिवस काढले आणि ठरवलं, या वेळी पाचगणी नाही, ही गावं बघायची.

दांडेघरहून बाजारपेठेकडे चालत निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, लॉज, दुकानं. दांडेघर कुठे संपलं आणि पाचगणी कुठे लागली, ते डोळ्यांना कळत नाही.

खरं तर पाचगणी हे गावच नव्हतं. सगळी गोष्ट पावसापासून सुरू होते. महाबळेश्वर इथून जेमतेम वीस किलोमीटर. पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि पावसाळा लागला की तिथल्या इंग्रजांना गाशा गुंडाळून खाली उतरावं लागायचं. पाचगणी सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून थोडी पूर्वेला आहे. ढग इथवर येईतो बरेचसे हलके झालेले असतात. बारा महिने राहता येईल अशी ही थंड जागा १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजानं हेरली. जागेला तेव्हा स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. आजूबाजूच्या पाच गावांवरून ते पडलं. चेसनच पुढे इथला सुपरिंटेंडंट झाला. रस्त्याकडेचे ते उंच, सरळसोट सिल्व्हर ओक आपल्याला इथलेच वाटतात, पण हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं. चेसननं ते इथे लावलं असं सांगतात. त्याची कबर सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत आहे.

मला मात्र सर्वांत भावलं ते बाजाराच्या खालचं गावठाण. बंगले बांधायचे तर गवंडी हवेत, राहायचं तर शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले हवेत. चेसननं अशा लोकांना बोलावून बाजाराखाली जागा दिल्या, ते हे गावठाण. एरवी आपल्याकडे गावठाण आधी असतं आणि गाव त्याच्याभोवती पसरतं. इथे उलटं झालं. अरुंद बोळ, दारात तुळस, वाळत घातलेल्या गोधड्या. पाचगणीत कुणी फक्त बंगले बघून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या हातांनी ते उभे राहिले, ती माणसं इथे राहिली.

पुढे याच हवेच्या ओढीनं शाळा आल्या. १९१२ साली डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केलं. १९४४ च्या जुलैत, आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर, गांधीजी पाचगणीत येऊन राहिले. सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेला फारुख बलसारा पुढे 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर टेबललँडवर गेले. घोडेवाले अजून यायचे होते. हा जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ पठार. पायाखाली तांबडा, भोकाभोकांचा खडक, त्यात दवाचं पाणी साठलेलं. उत्तरेला कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी. कडेनं फिरत गेलं की खाली वाड्या आणि शेतं दिसतात. गोडवली तर सड्याच्या पायथ्यालाच. वरून हजारो लोक तिचे फोटो काढत असतील, पण नाव किती जणांना ठाऊक असेल?

खिंगरला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेच्या शेतात एक काकू स्ट्रॉबेरी तोडत होत्या. गादीवाफ्यांवर काळा मल्चिंग पेपर, त्याच्या भोकांतून वर आलेली रोपं, खालून ठिबक. फळाला हात न लावता त्या नखानं देठ खुडत होत्या, हिरवी टोपी फळावर तशीच ठेवून.

"फळ धरून ओढलं की डाग पडतो, मग संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही," त्या म्हणाल्या. "बसा की. कुठून आलात?"

"पुण्याहून. पाचगणीला आले होते."

"मग इकडं कशा?"

"तुमचं गाव पण पाचगणीतलंच ना, पाच गावांतलं?"

त्या हात थांबवून हसल्या. "आमचं खिंगर. पाचगणी तिकडं," असं म्हणून त्यांनी सड्याच्या बाजूला मान केली. "आम्ही पाचगणीला बाजाराला जातो."

एवढं सरळ उत्तर मला कुठल्याच पाटीवर मिळालं नसतं. त्यांनी ओंजळभर फळं दिली, पैसे घेतले नाहीत. उन्हानं कोमट झालेली, आत पांढरी रेघ असलेली ती स्ट्रॉबेरी नेहमीच्या स्ट्रॉबेरी क्रीमपेक्षा कितीतरी गोड होती.

आंब्रळच्या शेतांतून परत फिरेपर्यंत दुपार टळली आणि पुण्याची गाडी गाठायची होती. तायघाट तेवढं राहिलं. पुढच्या खेपेला तिथूनच सुरुवात करणार आहे.