चक्कीच्या भिंतीवरची रेघ

नदीकाठच्या नव्या वस्तीचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तयार असतं. खाली दुकानं, वर फ्लॅट, पुढे फरसबंदी, दोन बाकं आणि संध्याकाळी फिरायला आलेली माणसं. आमच्या टेबलावर त्याआधी एक रूक्ष प्रश्न येतो: मोठ्या पुरात इथे पाणी कुठवर चढलं होतं? तो आकडा मिळाल्याशिवाय इमारतीचं जोतं ठरत नाही, आणि जोतं ठरल्याशिवाय कागदावरचं एकही दुकान खरं नाही. बडोद्यातल्या एका सल्लागार कंपनीत मी हेच काम करते. पुराच्या खुणा शोधायच्या, लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावायची, प्रत्येक खुणेचा आर.एल., म्हणजे एका ठरलेल्या पातळीपासूनची उंची, काढायचा.

ऑगस्ट 2024च्या पुरानंतरचा हिवाळा होता. काळा घोडा पुलाच्या खालच्या अंगाचा एक पट्टा आमच्याकडे आला होता. त्या पुलावर विश्वामित्री नदीची पातळी फुटांत सांगतात. 26 फूट धोक्याची, आणि त्या ऑगस्टात पाणी 35च्या वर गेलं होतं. अकोट्याच्या बाजूला घराच्या छपरावर जाऊन बसलेल्या मगरीचे फोटो तेव्हाच देशभर फिरले. बाहेरच्यांना मगरीचं नवल. आम्हाला पाण्याचीच धास्ती. 31 जुलै 2019ला एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस कोसळला होता, तो दिवस इथे कुणी विसरलेलं नाही.

पण पुलावरचा आकडा पुलापुरता असतो. पुढे नदी वळते, कोतरांत म्हणजे काठाच्या घळींत पसरते, कुणाच्या भरावाला अडून तुंबते. म्हणून गल्लोगल्ली हिंडून खुणा गोळा कराव्या लागतात आणि प्रत्येकीला दर्जा द्यावा लागतो: पक्की, बरी, कच्ची. फांदीला अडकलेलं प्लॅस्टिक कच्चं. भिंतीवरची ओलही कच्चीच, कारण विटेतून ओल पाण्याच्या वर चढते आणि फसवते. बंद खोलीतली गाळाची बारीक कड मिळाली तर सोनं.

त्या दिवशी सकाळी आधी एका सोसायटीत गेलो. चार मजली इमारत, नदीकडच्या अंगाला पाठ. सगळं आवार नुकतंच रंगवलेलं, इतकं की स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, धरणाऱ्या आमच्या पोराने फाटकाला हात लावला आणि पॅन्टला पुसला. सेक्रेटरींनी चहा सांगितला आणि खांबावर गुडघ्याच्या जरा वर बोट ठेवलं. "बस, आटलुंज आव्युं'तुं." रेघ नव्हती, बोट होतं. मी लेव्हल घेतली, वहीत 'कच्ची' लिहिलं आणि पुढे निघालो.

तिथून नदीच्या खालच्या दिशेला, चालत दहा मिनिटांवर एक पिठाची चक्की आहे. मालक मराठी, आजोबा गायकवाड महाराजांच्या वेळी बडोद्यात आलेले. गुजराती घरांचे गहू-बाजरी रोजचीच, पण दांडिया बाजारातल्या बायका अजून थालीपिठाची भाजणी इथेच आणतात, कारण काका भाजणीआधी पाटे साफ करून घेतात. मी 'पुराची खूण' एवढं म्हणताच त्यांनी हॉपरमागचा दिवा लावला. "ही बघा. पुसायची म्हटलं तरी पुसत नाही."

अशी खूण मी त्याआधी पाहिली नव्हती. उडालेलं पीठ वर्षानुवर्षं त्या भिंतीवर बसत आलेलं. पाणी जिथवर चढलं तिथवर ते भिजलं आणि वाळल्यावर खळीसारखा पापुद्रा धरून राहिलं. नखाने खरवडलं तर वरचं पीठ बोटाला भुरभुरीत लागायचं, खालचं कपच्यांनी निघायचं. दोन्हींच्या मधोमध गाळाची तपकिरी कड, दोऱ्याएवढी बारीक, खोलीच्या तिन्ही भिंतींवर एका पातळीत. मी स्टाफ तिन्ही जागी धरायला लावला. फरक मिलिमीटरांत. वहीत 'पक्की' लिहून खाली दोनदा अधोरेखित केलं.

दुपारी झाडाखाली बसून आकडे मांडले आणि गोची झाली. सोसायटी वरच्या अंगाला, चक्की खाली. म्हणजे पुराच्या पाण्याची पातळी सोसायटीपाशी चक्कीइतकी तरी हवी, शक्यतो काकणभर जास्त. आमच्या वहीत ती पाऊण मीटर कमी. जमीन उंच-सखल असण्याचा यात संबंध नाही, कारण दोन्ही आकडे एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून, काढलेले. लेव्हल फिरवत बेंचमार्कवर परत नेली, तीही व्यवस्थित मिळाली. वहीवर विश्वास ठेवायचा तर त्या ऑगस्टात विश्वामित्री पावागडाकडे उलटी वाहत होती.

पुन्हा सोसायटीत. या वेळी मी मीटररूमची किल्ली मागितली. रंगारी सगळं रंगवतो, पण मीटरबोर्डाच्या मागे ब्रश घालत नाही. बोर्डाच्या फटीतून बॅटरी मारली आणि कड दिसली, माझ्या कमरेच्याही वर. आर.एल. चक्कीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. नदी सरळ झाली.

सेक्रेटरी मागेच उभे होते. चिडले नाहीत, हे मला जास्त अवघड गेलं. "साहेब, जरा जोईने लखजो," जरा बघून लिहा, एवढंच म्हणाले. (आमच्याकडे हातात उपकरण असलेल्या बाईलाही साहेबच म्हणतात.) दोन फ्लॅटची विक्री बोलण्यात होती. बँकेचा माणूस मूल्यांकनाला येणार होता. ही रेघ नकाशात गेली की भाव पडणार, आणि ज्यांना विकून जायचं आहे तेच अडकणार. मी म्हटलं, जो घ्यायला येईल त्याचं काय? त्यांनी खांद्याला हलकेच झटका दिला. त्या माणसाला मी खोटारडा म्हणू शकत नाही. पण रंगवलेली भिंत विकत घेणाऱ्या कुटुंबाच्या स्कूटरी पुढच्या पावसाळ्यात तळमजल्यावरच उभ्या असणार, हेही डोक्यातून जात नव्हतं.

चक्कीवर मात्र उलटा मोह होता. पुरानंतर नुकसानीच्या पंचनाम्याला माणसं आली तेव्हा गल्लीत रेघा हातभर वर सरकल्या होत्या, असं काकांनीच हसत सांगितलं. "माझी सरकवता आली नाही. पीठ ऐकत नाही." त्यांची मोटर वाचली होती. वरच्या आजवा धरणातून पाणी येत असल्याची बातमी आल्यावर दोन पोरांना बोलावून त्यांनी ती पट्ट्यातून सोडवली आणि चेनपुलीने छताच्या सागवानी तुळईला टांगली. 2005 आणि 2019च्या पुरांनंतर त्यांनी मोटरीचा चौथरा उंच करत आणला होता, पण चौथरा किती वाढवणार? पट्टा सरळ बसला पाहिजे.

मग त्यांनी मला विचारलं, नव्या आराखड्यात चक्की कुठे? मी चित्र दाखवलं. पूररेषेच्या वर जोतं, म्हणजे रस्त्यापासून दीड मीटर उंच, पुढे पायऱ्या आणि रॅम्प. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "ताई, दहा किलोचा डबा घेऊन सत्तरीची बाई हे चढणार? ती दुसरीकडे जाईल."

खाली दुकानं, वर घरं अशा मिश्र वापराचं घोडं तळमजल्यावरच अडतं, आणि आमच्या बैठकांत नेमक्या त्याच मजल्याला सर्वांत कमी वेळ मिळतो. खाली नुसते खांब ठेवून पार्किंग केलं तर पाणी सुखाने जातं, पण रस्त्याला अंधारी बोळ लागते. भराव घालून सगळंच उंच केलं तर आपण वाचतो आणि पाणी शेजारच्या गल्लीत शिरतं. त्या आठवड्याच्या बैठकीत कुणीतरी अपेक्षेप्रमाणे म्हणालंच, अहमदाबादसारखं करून टाका. साबरमतीच्या काठाचा पहिला टप्पा 2012मध्ये खुला झाला. तिथे पात्र 263 मीटर रुंदीत बांधलं आणि आत नर्मदेचं पाणी सोडलं. आमची नदी अरुंद, वळणांची, दोन्ही बाजूंना कोतरं घेऊन चालणारी. पुराचं पाणी त्या कोतरांतच मुरायला थांबतं. मगरी काठाच्या मातीत बिळं करतात आणि अंडी घालतात. 1972च्या वन्यजीव कायद्यात त्यांना पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2021च्या आदेशात पूरमैदानाची आखणी करायला सांगितलं तेही याच नदीसाठी. काँक्रीटच्या दोन भिंती इथे बसत नाहीत, हे मी जरा आवाज चढवून बोलले.

आमच्या वास्तुविशारद बाईंनी शेवटी वेगळा मार्ग काढला, आणि तो मला पटला. घरं आणि वीज रेघेच्या वर. दुकानं रस्त्याच्या पातळीलाच, पण भिजली तरी उभी राहणारी: भिंतींना टाइल, बटणं डोक्याच्या वर, दाराला आडव्या फळ्या बसवायच्या खाचा, आणि प्रत्येक गाळ्याला मालासाठी माळा. नदीलगतच्या पहिल्या पट्ट्यात काहीच नको, तो पाण्याचा. पहिला पट्टा सोडायचा म्हटल्यावर विकायचं क्षेत्रफळ घटलं, आणि बैठकीत त्यावर जे व्हायचं ते झालं. पट्टा निम्मा राहिला.

मी काकांना फोन करून माळ्याचं सांगितलं. ते म्हणाले, माळा राहू द्या, तुमच्या स्लॅबला हूक आहे का? मोटर ऐंशी किलोची, शिडीवरून कोण नेणार? हूक हवा, आणि तोही दाराशी नको, मोटरीच्या बरोबर डोक्यावर. मी ते 'रहिवाशांच्या सूचना' या सदरात लिहिलं. बाईंनी गंभीरपणे भार विचारला आणि प्रत्येक गाळ्याच्या तुळईत अर्ध्या टनाचा हूक काढून टाकला.

आराखडा सध्या मंजुरीच्या फेऱ्यांत आहे. काका अधूनमधून हुकाची चौकशी करतात. सेक्रेटरींचा फोन एकदाच आला, मीटररूमचा फोटो अहवालात छापला आहे का म्हणून. छापला आहे, म्हटलं. सोसायटीचं नाव नाही, पण नकाशात टिंब आहे.