तुम्ही विचारलंत म्हणून: मी ती तपासणी का करून घेत नाही

‘स्टिल ॲलिस’ हा सिनेमा बघितला की लोकांना आमची आई आठवते. तिलाही त्यातल्या ॲलिससारखा अल्झायमर आहे, आठवण पुसत नेणारा आजार. मग नव्या पेठेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर सिद्धेश्वराच्या दर्शनरांगेत, आवाज खाली आणून विचारतात, “सिनेमातल्या पोरांनी केली तशी रक्ताची तपासणी तुम्ही का करून घेत नाही ओ?” विचारणाऱ्यांत टॉवेलचे व्यापारी असतात, आईचे जुने विद्यार्थीही असतात. एकदाच लिहून टाकतो.

आधी सिनेमाचं. ॲलिस हाउलंड कोलंबिया विद्यापीठात भाषाशास्त्राची प्राध्यापक, वय ५०. तिचा अल्झायमर आनुवंशिक. तीन मुलांपैकी थोरलीत जनुकातला तो दोष निघतो, मुलात निघत नाही, धाकटी लिडिया तपासूनच घेत नाही. तुम्हा सगळ्यांना थोरली लक्षात राहते. लिडियाचं नाव आजवर एकानेही काढलेलं नाही.

आणि ६५ च्या आत सुरू झालेला प्रत्येक अल्झायमर आनुवंशिक नसतो. एपीपी, पीएसईएन-१, पीएसईएन-२ यांपैकी एखाद्या जनुकात हा आजार आणणारा बदल असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. अशी घराणी फार थोडी. शिवाय सुरुवात माझ्यापासून होत नाही, आईच्या रक्तापासून होते. तिच्यात काही सापडलं तर आमच्यात काय शोधायचं ते ठरतं.

हे मी घडाघडा बोलतो तेव्हा बायको खाली बघते. कारण आजी, आईची आई. अक्कलकोटकडच्या गावात तिला म्हातारचळ लागला म्हणायचे. साठीही गाठली नव्हती तिनं.

बहिणीला बघायला बार्शीची मंडळी आली होती तेव्हाची गोष्ट. आईला आत मामीजवळ बसवलं होतं. पोह्यांच्या बशा फिरल्या आणि आई बाहेर आली, टीपॉयवरचा बायोडाटा उचलला, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि खुर्चीत बसून तपासायला लागली. जन्मभर मराठी शिकवलेली बाई. ‘ऊंची’ लिहिलं होतं, ते तिनं ‘उंची’ केलं. ‘शिक्षण’खाली रेघ मारली. शेवटी दहापैकी सहा, खाली सही. कागद मुलाच्या हातात दिला, “उद्या पालकांची सही आण.” मुलगा उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी कागद घेतला आणि म्हणाला, “हो, बाई.” पोरगा चांगला होता, हे आजही म्हणतो.

त्याच्या आत्याने विचारलं, “कधीपासून आहे हे?” मी म्हटलं, थकवा आहे, शाळेचा ताण. बहीण मध्येच म्हणाली, “अल्झायमर आहे. आजीलाही तोच असणार.” आत्याबाईंनी अर्धी बशी खाली ठेवली. मग ‘कळवतो’ झालं. कळवलं नाही.

मंडळी गेल्यावर गच्चीवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, “दादा, लपवून लग्न करायचं नाही मला. आईचं रक्त देऊ या.” मी म्हटलं, “कळून काय करणार? थांबवणारं औषध आहे का?” त्यावर ती काही बोलली नाही, आणि मला वाटलं मी जिंकलो.

थांबवणारं औषध आजही नाही. तरी ते वाक्य मला पूर्वीइतकं जोरात म्हणता येत नाही. मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, त्यानंही सिनेमा बघितलाय आणि तो काहीच विचारत नाही. माहीत नसणं हा माझा हक्क आहे, हे मी सोडत नाही. पण बहिणीलाही हक्क आहे, आणि तिच्यात सापडलं तर आईत होतं हे मला न सांगताच कळणार. मग माझा हक्क कुठे उरला? आणि आईचं काय? तिला विचारलं तर ती हो म्हणते. ती हल्ली कशालाही हो म्हणते. त्याला संमती म्हणायची?

पुण्याची तारीख बहिणीने घेऊन टाकलीय. आईला गाडीत माझ्याशिवाय कुणाला बसवता येत नाही, म्हणजे गाडी मीच चालवणार. अहवाल आला तर वाचणार का? टेंभुर्णीपर्यंत माझं उत्तर हो असतं, इंदापूर आलं की नाही. बहीण म्हणते, मग इंदापूरला चहाला थांबायचंच नाही.