वास येईनासा झाला म्हणजे

पोल्ट्रीच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा कामाला उतरलो, तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि घसा खवखवू लागला. सोबतचे जुने कामगार हसून म्हणाले, ‘दहा मिनिटे थांब, सवय होईल.’ ती खरोखरच झाली, आणि या कामातला सर्वांत मोठा धोका मला आज त्या सवयीतच दिसतो. अमोनियाचा वास नाकाला लवकरच जाणवेनासा होतो. हवेतला अमोनिया मात्र होता तेवढाच राहतो.

कोंबड्यांच्या विष्ठेतील युरिक आम्लाचे लिटरमधले (जमिनीवर अंथरलेल्या तुसातले) जिवाणू विघटन करतात आणि त्यातून हा वायू सुटतो. पक्ष्यांचे पाणी पिण्याचे निपल गळत असेल तर त्याखालचे तूस भिजते, त्याची घट्ट पापडी धरते आणि त्या जागेवर वास अधिक उग्र होतो. थंडीत पिल्लांना ऊब मिळावी म्हणून पडदे बंद ठेवले जातात; पिल्ले उबेत राहतात खरी, पण सुटलेला वायूही त्यांच्याबरोबर आतच कोंडला जातो. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्यासाठीची सरकारी संस्था 10 तासांपर्यंतच्या कामासाठी सरासरी 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आणि 15 मिनिटांसाठी 35 पीपीएम एवढीच मर्यादा सुचवते. आपले सरावलेले नाक हा आकडा सांगू शकत नाही.

धुळीचेही तसेच आहे. पिसांचे बारीक तुकडे, कातडीचा कोंडा, खाद्याची भुकटी, वाळलेली विष्ठा आणि जिवाणूंपासून आलेले एंडोटॉक्सिन नावाचे विषारी द्रव्य हे सगळे एकाच श्वासात आत जाते. सुट्टीत खोकला कमी होतो आणि कामावर परतल्यावर पुन्हा उचल खातो, असे होत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाशी विचारपूस अनेकदा संपते. तोंडाला बांधलेला रुमाल (मीही वर्षानुवर्षे तोच बांधला) धूळसुद्धा धड अडवत नाही. एन-95 मास्क धूळ अडवतो, परंतु वायू नाही. अमोनियासाठी खास कार्ट्रिज (वायू अडवणारी डबी) असलेलाच मास्क लागतो.

वाढलेल्या पक्ष्यांची बॅच विक्रीसाठी निघण्याच्या रात्रीची इजा वेगळी असते. अंधारात पक्षी शांत राहतात, म्हणून पकडणी बहुधा रात्री होते. दोन किलोंचे चार पक्षी एका हातात उलटे धरले की आठ किलोंचे फडफडते ओझे बोटांवर येते, आणि वाकण्या-उठण्याचा हा क्रम पहाटेपर्यंत शेकडो वेळा चालतो. पुढे झोपेत बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तरी माणूस हात झटकतो आणि कूस बदलतो.

बर्ड फ्लूची धास्ती मात्र सर्वांना असते आणि ती निराधार नाही: 1997 मध्ये हाँगकाँगमध्ये एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण झालेल्या 18 जणांपैकी 6 जण दगावले. शेडमधले बूट आणि कपडे शेडवरच ठेवण्याचा नियम त्यामुळे जाचक वाटला तरी पाळावा.

अमोनियाचा मीटर एका शेडमध्ये दाराजवळ, डोक्याच्या उंचीवर टांगलेला मी पाहिला आहे. वायू सुटतो लिटरमधून, आणि मेलेले पक्षी उचलणारा कामगार श्वास घेतो तो वाकून, जमिनीपासून हातभर अंतरावर. मीटर तिथे धरून पाहावा.