डोळे मात्र नकोत

बुधवार, रात्र

आजची अख्खी दुपार चित्रातल्या मांडीच्या सावलीत गेली. खाली मातकट हिरव्याचा पातळ हात आधीच दिला होता, त्यावर बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी आणि पांढरा चढवत गेले. गुडघ्याच्या वर, जिथे कातडी सैल पडते, तिथे हिरवा तसाच उघडा सोडला. आता ती मांडी माझी वाटते. पावसामुळे रंग लवकर वाळत नाही, त्यामुळे उद्या तिला हात लावता येणार नाही. बरंच आहे.

चित्र माझंच आहे. लाकडी खुर्चीत बसलेली, अंगावर काही नाही, समोर बघणारी.

आर्ट स्कूलच्या लाइफ क्लासमध्ये, म्हणजे मॉडेल समोर बसवून देह रेखाटायच्या तासाला, आमच्या मॉडेल मावशींना आम्ही किती बघितलं! खांद्याचं हाड, कमरेचा कोन, वजन कुठल्या पायावर आहे, सगळं त्यांच्या देहावरून शिकलो. ते शिक्षण आजही हातात आहे. चेहऱ्याशी मात्र आमचा कोळसा घाईत असायचा. एकदा मधल्या सुटीत आखडलेली पोटरी चोळता चोळता मावशी माझ्या कागदाकडे बघून म्हणाल्या, ‘बाई गं, मी इतकी शांत दिसते? माझ्या डोक्यात तर काय काय चालू असतं.’

ते ‘काय काय’ माझ्या मनातून गेलेलं नाही. बाईचा देह चित्रात भरपूर आला, पण बहुतेक वेळा कुणाला तरी हवासा म्हणून. त्या देहाला स्वतःला काय हवंय, हे रंगवणाऱ्या बायका मला फार उशिरा भेटल्या. चित्रकार अमृता शेरगिलने १९३४ मध्ये स्वतःला ताहितीची बाई म्हणून रंगवलं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. फ्रेंच चित्रकार गोगँने रंगवलेल्या त्या बेटावरच्या बायकांच्या जागी ती स्वतः उभी राहिली. हात ओटीपोटाशी एकमेकांवर, मागे एका पुरुषाची सावली, आणि नजर आपल्याला ओलांडून पलीकडे. तिकडे अमेरिकन चित्रकार ॲलिस नीलने ऐंशीव्या वर्षी, १९८० मध्ये, स्वतःला विवस्त्र रंगवलं: निळ्या पट्ट्यांची खुर्ची, चष्मा, हातात ब्रश. पोट ओघळलंय, स्तन ओघळलेत, आणि बाई कामात आहे! ते चित्र छापील पानावर बघूनही माझ्या अंगावर काटा आला होता.

माझी पाळी जाऊन काही वर्षं झाली. आता हिचं ते सगळं संपलं, असं आजूबाजूच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. संपलेलं काहीच नाही. इच्छा आता सावकाश येते, बराच वेळ थांबते, आणि ती नेमकी कशाची आहे हे मला विशीत कळायचं त्यापेक्षा स्वच्छ कळतं. ती चित्रात कुठे ठेवायची यावर मी पुष्कळ अडले. शेवटी पायाच्या बोटांत सापडली. फरशीला धरून बसलेली बोटं, अंगठा जरासा वर. आणि डोळ्यांत.

ताई येऊन बघून गेली. बराच वेळ उभी होती. मला वाटलं, ती स्तनांवर बोलेल. तर म्हणाली, ‘अंग चालेल गं, पण हे डोळे नकोत. एवढं रोखून कशाला बघायचं?’ एवढं नेमकं तर मला कुठल्या समीक्षकानेही सांगितलं नसतं. उघड्या अंगाची लोकांना सवय आहे. त्या अंगात बसलेली बाई बघायला लागली की अवघड होतं.

गॅलरीचाही फोन आला होता. ग्रुप शोसाठी बाकीची चित्रं घेतो, हे आतल्या खोलीत ठेवू, कुटुंबं येतात. याच मुंबईत १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ या चित्रांसाठी पोलीस आले होते. अश्लीलतेचा खटला चालला, पदमसी निर्दोष सुटले. २०२४ मध्ये चित्रकार सूझा आणि पदमसींची चित्रं अश्लील ठरवून अडकवणारा कस्टम्सचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. म्हणजे कायद्याने रस्ता मोकळा केलाय, अडतं ते दर्शनी भिंतीवर. आणि त्या कुटुंबांमध्ये माझ्या वयाच्या बायका नसतात का? मला तर हे चित्र त्यांनाच दाखवायचंय.

मी सांगितलं, हे चित्र दर्शनी भिंतीवर लागणार असेल तरच बाकीची पाठवते. शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणाले. डोळ्यांना मी हात लावणार नाही.